मावशीचे डॉक्टर

आपल्याकडे दारात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे होतो. डॉक्टरांपुढे केला तर ते हात मागे घ्यायचे. "आधी मावशीला पाणी, मग मला चहा," म्हणायचे, आणि मावशीने पाणी पिऊन मान वर करेपर्यंत पायरीवर उभे राहायचे. बसायचे नाहीत. मावशी ही त्यांची घोडी. करड्या रंगाची, म्हातारी, पाठीत थोडी खचलेली. तिला टांग्याला जुंपून ते डहाणूपासून कैनाडपर्यंत आणि वर्षातून काही वेळा थेट तलासरीपर्यंत जनावरं तपासायला जायचे. स्कूटर घ्या, रिक्षाने जा, असं सगळे सांगत. "घोड्यांच्या डॉक्टरने पेट्रोलवर जायचं? मग दातांच्या डॉक्टरने कवळी लावूनच जन्माला यायला हवं," असं उत्तर मिळायचं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळीकडे 'मावशीचे डॉक्टर' हीच ओळख.

मुलांनो, तुम्ही त्यांना एकदा पाहिलं आहे. तुम्ही लहान होतात. त्यांनी तुमची तोंडं उघडायला लावून, दात बघून, तुमची वयं सांगितली होती, आणि दोन्ही बरोबर निघाली होती. परवा फोनवर तुम्ही विचारलंत की ते दात बघणारे आजोबा कुठे गेले. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या चिकूच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड आहे. घाटावरच्या, घोड्यांची पैदास करणाऱ्या एका मोठ्या स्टड फार्मवरची नोकरी सोडून ते इथे आले, तेव्हा त्यांनी खोल्या पाहिल्याच नाहीत. शेड पाहिली. पत्र्याला हात लावून म्हणाले, "उन्हाळ्यात तापेल. वर चिकूच्या फांद्या टाकाव्या लागतील." मग तुमच्या आजोबांकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही निवृत्तीचं वय चुकीचं लावलंय. दात सांगतात, अजून चार वर्षं नोकरी होती." आजोबांना हा माणूस तिथेच आवडला. मला आवडायला वेळ लागला.

कारण फिनाइल. खोलीच्या दाराशी त्यांनी फिनाइलच्या पाण्याचा ट्रे ठेवला होता. पोस्टमन असो की चिकू तोडायला आलेल्या बायका, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही. कोणाच्याही तबेल्यात शिरण्याआधी ते स्वतःचे गमबूट घासून धूत, हात कोपरापर्यंत साबणाने चोळत, आणि मालकालाही तसंच करायला लावत. तलासरीच्या बाबूभाईंकडे पाच घोड्या होत्या. ते म्हणायचे, "अरे डॉक्टरसाहेब, मी देरासरमध्ये जातो ना, तरी एवढा धुवत नाय!" डॉक्टर म्हणायचे, "देवाला सर्दी होत नाही, बाबूभाई."

आणि एवढं सगळं होईपर्यंत मावशी आत पोचलेली असायची. तिला टांग्यातून सोडून मालकाच्या घोड्यांच्या डोणीवर पाण्याला नेत, कारण डॉक्टर स्वतः पाणी घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मान म्हणजे मावशीचा मान. मालक आपल्या हाताने तिला डोणीशी उभी करायचा. ती नाक बुडवून सावकाश प्यायची, मग आतल्या घोड्यांच्या नाकाला नाक लावायची. डॉक्टर गमबूट घासत कौतुकाने बघायचे. "पाहा, विचारपूस करते आहे."

हे मी कित्येकदा डोळ्यांनी पाहिलं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

आपला फ्रीज त्यांनी हळूहळू काबीज केला. आधी एक कप्पा, मग दोन. एकदा तुमच्या आईने सुट्टीत आली असताना स्टीलचा डबा उघडला आणि ती किंचाळली. डब्यावर डॉक्टरांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'खाऊ नये. घोडा आहे.' गाभडलेल्या घोडीच्या मेलेल्या शिंगराच्या काळजाचा आणि फुप्फुसाचा तुकडा होता तो. बर्फ आणायला ते बोटींचा बर्फ बनतो त्या कारखान्यात जात, आणि तिथले लोक विचारत, "काय डॉक्टर, पापलेट की सुरमई?"

ते नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे, तर सोबत इंग्रजी पत्र लागे. डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. म्हणून पत्रं मी लिहायची, उत्तरं मी वाचून दाखवायची. मी इंग्रजीची शिक्षिका. कागद क्रमाने लावणं, तारीख घालणं, फायलीला नंबर देणं याची मला सवय. अशा रीतीने मला घोड्या गाभडवणाऱ्या विषाणूची ओळख झाली.

तो घोड्यांचा एक जुना विषाणू आहे. तरुण घोड्याला साधी सर्दी होते. गाभण घोडीला मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. चांगली खातेपिते, आणि आठव्या-नवव्या महिन्यात एका सकाळी मेलेलं शिंगरू टाकते. क्वचित घोड्याचे मागचे पायच जातात. एकदा अंगात शिरला की जन्मभर राहतो, झोपून. घोडा दमला, घाबरला, म्हातारा झाला की जागा होतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. घोडा स्वतः आजारी दिसेलच असं नाही.

डॉक्टरांना मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. त्यांना त्या विषाणूची अक्षरं हवी होती. ते सांगायचे की त्याच्या पोटात दीड लाख अक्षरांचा एक मजकूर असतो. तो स्वतःच्या नकला काढत जातो, आणि फार क्वचित नकलेत एखादं अक्षर बदलतं. बदललं की त्यापुढच्या सगळ्या नकलांत तो बदल तसाच राहतो. "त्यावरून कुठला कुठून आला ते कळतं, बाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हे मला नवीन नाही, डॉक्टर. परीक्षेत दीपस्तंभाच्या रखवालदारावर उतारा होता. दोन मुलांनी लिहिलं की रखवालदाराला तीन बायका होत्या. उताऱ्यात एकही नव्हती. बरोबर उत्तर दोघांना आपापलं येऊ शकतं, पण एवढी मोठी चूक दोघांना वेगवेगळी सुचत नाही. कोणी कोणाचं पाहिलं एवढंच शोधायचं राहतं."

ते इतके खूश झाले की टाळी वाजवून हसले. नंतर कितीतरी दिवस येईल त्याला सांगायचे, "आमच्या बाई विषाणूतज्ज्ञ आहेत." मलाही अभिमान वाटला, खोटं का बोलू.

त्या वर्षी डहाणूच्या किनाऱ्यावर सैर करवणाऱ्या घोडेवाल्याची घोडी गाभडली. त्याने वरातीच्या डीजेला दोष दिला. पुढे दीड महिन्याने तलासरीला बाबूभाईंच्या दोन घोड्या एका आठवड्यात गाभडल्या. बाबूभाई म्हणाले, "वायरस-बायरस छोडो ने साहेब. नजर लागली, नजर." डॉक्टरांनी दोन्हीकडून नमुने घेतले. किनारा आणि तलासरी यांत एवढं अंतर, एकीकडचा घोडा कधी दुसरीकडे गेला नाही, आणि तरी एकाच मोसमात दोन्हीकडे तेच. "एकच आहे की दोन वेगळे?" हा प्रश्न त्यांना जेवू देईना. प्रयोगशाळेत एक तरुण संशोधक बाई याच बदलांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी सगळी अक्षरं वाचून कळवायचं कबूल केलं. पण वेळ लागेल म्हणाल्या.

दरम्यान डॉक्टर कैनाडला जास्त जाऊ लागले. तिथे पाड्यावर देवजी आणि त्याची बायको सोमी राहत होते. त्यांच्याकडे एकच घोडी, चांदणी. देवजी पूर्वी वर्षातले आठ महिने गुजरातकडच्या बोटींवर खलाशी असायचा. एका मंडपवाल्याने लंगडी म्हणून काढलेली चांदणी त्याने आणली, डॉक्टरांनी तिचा पाय बरा केला, आणि लग्नसराईत ती वरातीला जाऊ लागली. देवजी घरी राहिला तो तिच्यामुळे. पण तिचंही वय झालं होतं. आता ती गाभण होती. सोमी मला म्हणाली होती, "बाई, शिंगरू झाला का मंग हा काय बोटीवर जात नाय. पोरीनं बापाला आत्ताशी कुठं वळखला."

डॉक्टरांनी तिला शब्द दिला होता, की शिंगरू सुखरूप बाहेर काढीन. दर पंधरा दिवसांनी जायचे. अर्थात टांग्याने.

अहवाल आला तो एका दुपारी. पडवीत बसून मी वाचायला लागले. किनाऱ्यावरचा आणि तलासरीचा विषाणू एकच होता. डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "पुढे!" पुढे लिहिलं होतं की दोन्हींत एक असा बदल आहे जो त्यांनी तपासलेल्या बाकीच्या नमुन्यांत नाही. फक्त एकात आहे. तो नमुना त्यांच्याकडे कित्येक वर्षं गोठवून ठेवलेला होता. घाटावरच्या एका स्टड फार्मवरून आलेला. पाठवणाऱ्याचं नाव वाचताना मी थांबले, कारण ते डॉक्टरांचंच होतं.

"काहीतरी घोटाळा झालाय त्यांचा," मी म्हटलं. "तिकडचा विषाणू एवढ्या वर्षांनी इथे कसा येईल?"

डॉक्टर शेडकडे बघत होते.

"टांगा ओढत आला," ते म्हणाले.

मावशी वांझ होती म्हणून फार्मवाल्यांनी काढून टाकली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. ती वांझ नव्हती. त्या फार्मवर पहिली गाभडली ती मावशीच, आणि तो गोठवलेला नमुना तिच्याच शिंगराचा होता. तिच्यामागून बऱ्याच गाभडल्या. मालकाने तिला कवडीमोलाने कोणालाही द्यायला सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि तिला घेऊन निघाले.

"तो जन्मभर अंगात राहतो, हे तुम्हीच मला शिकवलंत," मी म्हटलं.

"हो."

"मग तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"बाई, इतक्या वर्षांत ती एकदा शिंकलीसुद्धा नाही." मग म्हणाले, "मी प्रत्येक मालकाला सांगतो ना, घोडं खोटं बोलत नाही, मालक बोलतो. मी मालक आहे हे विसरलो होतो."

आता ते सांगते, जे तुमच्या आईलाही मी सांगितलेलं नाही. मी तो अहवाल घडी घालून म्हटलं, "डॉक्टर, हे इथे कोणाला इंग्रजीतून वाचता येणार नाही. अहवालात मावशीचं नावही नाही. तुम्ही तिला उद्यापासून बाहेर काढू नका, झालं. सांगून कोणाचं भलं होणार आहे?" तीस वर्षं मी मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावले, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून हे निघालं.

दोन दिवस डॉक्टर खोलीबाहेर आले ते फक्त मावशीला चारा घालायला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, धुतलेले कपडे घालून पुढे आले. "बाई, रिक्षा बोलवा. तुम्ही सोबत आलात तर बरं होईल. मला कैनाडचा रस्ता मावशीशिवाय येत नाही."

पाड्यावर ते कुडाच्या बाहेरच उभे राहिले. सोमी हात पुसत आली. "आत या ना डॉक्टर. मावशी कुठं? आजारी पडली काय?"

"दिसत नाही. तेच सांगायला आलोय." त्यांनी देवजीला हाक मारली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोल गोल नाही, शास्त्र नाही. "माझ्या घोडीच्या नाकात रोग आहे. ती तुमच्या डोणीत प्यायली. मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच."

देवजीने आत चांदणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिंगरू मरेल?"

"मरेल किंवा जगेल. आता आपल्या हातात काही नाही."

"तुमी आमाला पाय धुवायला लावायचे," सोमी म्हणाली. "माज्या पोरीला आत जाऊ द्यायचे नाय, तिच्या पायाला शेण हाय म्हणून. नि घोडीला आमी पानी पाजला, आमच्या हातानं. तुमचा मान म्हणून."

डॉक्टर मान खाली घालून उभे होते. "हो," एवढंच म्हणाले. "आता जा तुमी," ती म्हणाली, आणि आम्ही आलो.

किनाऱ्यावरच्या घोडेवाल्याने शिव्या दिल्या. बाबूभाई हसले, त्यांना वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. खरं कळल्यावर त्यांनी फाटक लावलं आणि सगळीकडे फोन केले. महिन्याभरात कोणीही डॉक्टरांना बोलावेनासं झालं. मावशी शेडमध्येच राहिली. घोडा एकटा राहिला की खाणं सोडतो. डॉक्टरांनी माझ्या कपाटाचा मोठा आरसा मागितला आणि तिच्यासमोर भिंतीला लावला, म्हणजे तिला दुसरी घोडी आहे असं वाटेल. ती काही दिवस त्याला नाक लावायची. मग पाठ करून उभी राहू लागली. मागच्या खेपेस तुम्ही ज्या आरशात केस विंचरलेत, तो हाच.

नवव्या महिन्यात चांदणीने मेलेलं शिंगरू टाकलं. देवजीने निरोप पाठवला. का, ते माहीत नाही. डॉक्टर नवे गमबूट घेऊन रिक्षाने गेले, स्वतःच्या हाताने नमुने काढले, शिंगरू आणि वार चुन्यात पुरली. परत आल्यावर मी नेहमीसारखा इंग्रजी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, रोग कुठून आला असावा. मी विचारलं, "अज्ञात लिहू?"

"लिहा, तपासणाऱ्या डॉक्टरची स्वतःची घोडी."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशी ते वाकडं आलं.

पावसाळा सरल्यावर देवजी बोटीवर गेला. डॉक्टर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी चारा घालायला गेले ते शेडमध्येच बसलेले सापडले, भिंतीला टेकून. मावशी त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. लोक आले, पण बेताचेच.

मग मावशीचा प्रश्न उभा राहिला. मी यादी करून एकेकाला फोन केले. कोणी घेईना, आणि त्यांचं बरोबरच होतं. घोड्यांच्या संस्थेने विचारलं, तिला काही रोग आहे का. मी खरं सांगितलं. यावेळी तरी सांगितलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त करून फोन ठेवला. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला बोलवायचं मी ठरवलं, आणि त्यांनी मंगळवारी यायचं कबूल केलं.

सोमवारी सकाळी फाटकाशी सोमी उभी होती. एकटीच, हातात दोर. कैनाडहून चालत आलेली.

"घोडी मारता म्हणून ऐकला," ती म्हणाली.

"कोणी ठेवून घेत नाही गं. तिचा रोग दुसऱ्या घोड्यांना लागतो."

"आमचीला तर लागलाच हाय. आता आनखी काय लागायचा? आमचीला बी कोन वरातीत दुसऱ्या घोड्याजवळ उबा करत नाय. एकटी ओरडत राते दिसभर." ती शेडकडे गेली, मावशीच्या मानेवरून हात फिरवला. "दे."

मी म्हटलं, "सोमी, तुला राग नाही आला?"

"आला ना. अजून हाय." तिने दोर बांधला, गाठ ओढून पाहिली. "डॉक्टर समोर उबा राहून बोलला, तवा तोंडावर बोलले मी. आता तो नाय. घोडीला काय सांगू?"

मावशी आधी हलेना. कितीतरी महिन्यांत ती फाटकाबाहेर गेली नव्हती. सोमीने ओढलं नाही, नुसती पुढे उभी राहिली. मग घोडीने एक पाय टाकला. स्टेशनकडून सरळ जाणारा रस्ता जवळचा, पण तिकडे किनाऱ्यावरचे घोडे येऊन उभे असतात. सोमी त्या रस्त्याला लागली नाही. मागच्या, वाडीवाडीतून जाणाऱ्या लांबच्या वाटेने ती घोडीला घेऊन निघाली. मी सरकारी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं, उद्या येऊ नका.